आकडा वाढला ते बरंच झालं

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे हं! पाढे-बिढे माझ्या नशिबी कधी आले नाहीत. मी दुकानातली पाटी, सिगारेटचे दर सांगणारी. ऐकूनच तुम्ही नाक मुरडलंत ना? मोठी माणसंही माझ्याकडे बघून नाकच मुरडतात, फक्त त्यांचं कारण वेगळं असतं. पण माझी हकिकत पुरती ऐका आणि मग काय ते ठरवा.

एका मोडक्या कपाटाच्या दारातून माझा जन्म झाला. सुताराने ते दार कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि मला पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाच्या हवाली केलं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत ते कधी शिकवायला गेले नव्हते, पण अक्षर इतकं देखणं की दुसरं नाव शोभलंच नसतं. मास्तरांनी मला काळ्या रंगाचे दोन हात दिले, वर पांढरी अक्षरं काढली आणि मग अक्षरांखाली रेघ ओढली. पट्टी त्यांना लागत नसे. ते छातीभर श्वास घ्यायचे, आत धरून ठेवायचे आणि ब्रश या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊनच सोडायचे. मध्येच श्वास घेतला की हात हलतो, असं त्यांचं म्हणणं. माझी ती रेघ एका दमात आलेली आहे. हो, मला तिचा गर्व आहे आणि मी तो लपवत नाही.

मला टांगलं ते बसथांब्यासमोरच्या एका लहानशा दुकानात. दुकान एका मावशींचं. साबण, बिस्किटं, पेन, वर्तमानपत्रं असं सगळं त्या विकायच्या, पण खरी गर्दी सिगारेटसाठी. तेव्हा माझ्यावर लिहिलं होतं, 'पाकीट नऊ, सुटी एक'. एवढ्या स्वस्ताईत माझ्याकडे कोण बघणार? लोक नाणं टाकायचे, तोंडाने धूर सोडायचे आणि बस आली की पळायचे. दिवसभर तो धूर माझ्याच अंगावर. मास्तरांचा पांढराशुभ्र रंग दोन वर्षांत पिवळट पडला.

मग सरकार सिगारेटवरचा कर वाढवू लागलं. कर वाढला की माझा आकडा वाढायचा आणि तो बदलायला मास्तर यायचे. जुना आकडा काळ्या रंगाने झाकायचा आणि वर नवा काढायचा. या कामाची मजुरी काय, तर एक पाकीट! हा रिवाज कोणी पाडला कोणास ठाऊक, पण तो बारा वर्षं चालला. त्यामुळे कर वाढला की सगळा रस्ता सरकारच्या नावाने बोटं मोडायचा आणि एकटे मास्तर शीळ घालत यायचे.

"मावशी, तुमचा आकडा वाढला की माझी चैन!" असं म्हणून ते पाकीट खिशात टाकायचे.

चैन कसली, कपाळ! एकदा मावशींनी माझ्यावर दुसरी रेघ मागितली. मास्तरांनी श्वास धरला, ब्रश टेकवला आणि निम्म्या वाटेवर त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की ब्रश खाली घसरला. त्यांनी रंग पुसला आणि पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी वाकडी रेघ तशीच राहू दिली आणि "जुनी झाली हो पाटी," म्हणून खापर माझ्या डोक्यावर फोडलं. मला राग आला नाही. मला भीती वाटली. पुढच्याच महिन्यात एका गोदामाची भिंत रंगवायचं मोठं काम त्यांच्या हातून गेलं, कारण शिडीच्या चार पायऱ्या चढले की ते धापा टाकत बसायचे.

एका सकाळी मास्तरांची बायको दुकानात आली. ती एका धुलाईच्या दुकानात कपड्यांना इस्त्री करायची. कामावर जाता जाता ती थांबली होती आणि तिचे डोळे सुजलेले होते.

"मावशी, डॉक्टरांनी यांच्या छातीचा फोटो काढला. आत डाग दिसतोय म्हणाले. औषध दिलंय, पण आधी सिगारेट बंद करा म्हणतात. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढून सांगणार आहेत, साधं दुखणं आहे की ते... ते दुसरं." तिला तो शब्द उच्चारवेना. "तुम्ही निदान मजुरीत तरी पाकीट देऊ नका हो!"

"मी नाही दिलं तर दुसरीकडून घेतील गं," मावशी पुटपुटल्या आणि बिस्किटांचे पुडे उगाचच सरळ करू लागल्या. ती बिचारी निघून गेली. मला माझीच लाज वाटली, मित्रांनो. इतकी वर्षं मी लोकांना जे स्वस्त म्हणून सांगत होते, ते काय होतं हे मला त्या दिवशी कळलं.

पंधरा दिवसांनी बातमी आली. पहिल्या तारखेपासून कर वाढणार आणि तोही थोडाथोडका नाही. मावशींनी कपाळाला हात लावला. मास्तर मात्र नेहमीसारखे हसत आले.

"मास्तर, या खेपेला पाकीट मिळायचं नाही. मजुरी रोख घ्या," मावशींनी सांगून टाकलं.

"म्हणजे? बारा वर्षांचा रिवाज मोडता?"

"दोन आकडे काढायला एवढं महाग पाकीट देऊ? मला नाही परवडत!"

बायकोच्या रडण्याने जे झालं नव्हतं ते कराने झालं. मावशींच्या मनात तिचेही शब्द टोचत असतील, पण कबूल केले तर त्या मावशी कसल्या!

मास्तरांनी मग आपलं डोकं चालवलं. दर वाढायच्या आधी जुन्या भावात त्यांनी अठरा पाकिटं घेतली, काही मावशींकडून, काही इकडून तिकडून. बायकोच्या नजरेस पडू नयेत म्हणून ती त्यांनी रंगांच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. पहिल्या तारखेला माझ्यावर नवा आकडा काढताना ते गालात हसत होते. मला मात्र रडू येत होतं. वाटलं, संपलं सगळं! आकडा वाढून तरी काय उपयोग झाला?

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सबाई साबण घ्यायला आल्या आणि मला वाचून चक्क खूश झाल्या. "छान! अजून वाढायला हवा."

"तुमचं काय जातंय बाई? माझं गिऱ्हाईक तुटतंय," मावशी फणकारल्या.

"तुटू दे की! महाग झालं की ओढणारे कमी ओढतात आणि पोरंटोरं सुरूच करत नाहीत. तेवढीच माझ्या दवाखान्यातली रांग कमी."

त्या म्हणाल्या ते मी डोळ्यांनी पाहिलं. कॉलेजची टोळकी यायची, मला वाचायची, एकमेकांकडे बघायची आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन जायची. सगळ्यांचंच असं झालं असं मी म्हणणार नाही. बसथांब्यावरचे एक हमालदादा सिगारेट सोडून स्वस्त तंबाखूच्या पुडीकडे वळले. त्या पुडीवरचा कर कोणी वाढवला नव्हता. त्यांची काळजी मला अजूनही वाटते.

आणि मग आठव्या दिवशी मास्तर भली मोठी पिशवी घेऊन तरातरा आले. चेहरा रागाने लालबुंद.

"मावशी, ही परत घ्या! एकही ओढण्याजोगी नाही."

मावशींनी एक पाकीट नाकाशी नेलं आणि झटकन लांब धरलं. "अहो मास्तर, ही सिगारेट आहे की तुमचा ब्रश?"

झालं होतं असं, की कपाटात रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचे डबे होते, त्यात भिजलेली फडकी होती. आठ दिवस बंद कपाटात राहून अठराच्या अठरा पाकिटांना तो वास लागला होता. खिशातलं आधीचं पाकीट संपल्यावर मास्तरांनी त्यातली पहिली पेटवली तेव्हा त्यांना ओकारी आली. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. जन्मभर त्या वासात वावरलेल्या माणसाच्या नाकाला कपाट उघडताना काही जाणवलंच नव्हतं! मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मला हसता येत असतं तर मी खिळ्यावरून खाली पडले असते.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आकडा त्यांच्याच हाताने काढलेला होता, ठळक आणि सुबक. "या भावाने पुन्हा घेऊ? मेलो तरी घेणार नाही!" ते ओरडले आणि पिशवी कचऱ्याच्या डब्यात आपटून निघून गेले.

समजूतदारपणे सोडली असं कोणी म्हणू नका. मास्तरांनी सिगारेट निव्वळ रागावर सोडली. रोज संध्याकाळी ते माझ्यासमोर उभे राहायचे, आकडा वाचायचे, मला आणि सरकारला शिव्या घालायचे, पेपरमिंटची गोळी तोंडात टाकायचे आणि घरी जायचे. द्या हो शिव्या, मी मनात म्हणायचे, पण पाकीट घेऊ नका. एकदा त्यांचा हात खिशात गेला. सुट्या सिगारेटपुरते पैसे त्यांनी बाहेरही काढले. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी मला पुन्हा एकदा वाचलं, "लुटतात नुसते!" म्हणाले आणि पैसे खिशात परत टाकले.

तीन महिने भरले. त्या दुपारी मास्तरांची बायको मोठं पाकीट छातीशी धरून जवळजवळ पळतच आली. हे पाकीट फोटोचं होतं. मागून मास्तर खाली मान घालून येत होते. मावशींनी गिऱ्हाइकाला तसंच सोडलं आणि त्या पायरी उतरून खाली आल्या.

"ते नाही, मावशी! ते दुसरं नाही!" ती रडत होती आणि हसतही होती. "सूज होती, ती उतरलीय. डाग फिका झालाय. डॉक्टर म्हणाले, वेळेवर सोडलीत. आता पुन्हा हात लावायचा नाही, बस्स."

माझा जीव भांड्यात पडला. मावशींनी तिला खाली बसवून पाणी दिलं आणि हळूच स्वतःचेही डोळे पुसले. "मी तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं गं," त्या म्हणाल्या. एवढं बोलायला त्यांना तीन महिने लागले होते.

मास्तर माझ्यापाशी आले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि दोन्ही हातांत धरलं. आता हा माणूस मला मोडणार की काय, अशी शंका मला आली. पण ते म्हणाले, "मावशी, किती धूळ बसलीय हिच्यावर! आकडा नीट दिसत नाही. लोकांना लांबून वाचता यायला हवा." त्यांनी छातीभर श्वास घेतला आणि माझ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लांबलचक फुंकर घातली. सगळी धूळ उडाली. मी खोकल्याची वाट बघत राहिले. खोकला आला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी सिगारेट महागली म्हणून कुरकुरत असेल, तर त्याच दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसा. सोडून द्या ना, म्हणून हट्ट धरा. तो चिडेल, मलाही शिव्या देईल. देऊ दे. मी उन्हात, धुळीत टांगलेली असते, वर्षानुवर्षं मला कोणी पुसत नाही, तर कधीमधी ओल्या फडक्याने माझं तोंड पुसा. माझ्यावरचा मोठा आकडा सगळ्यांना स्वच्छ वाचता येऊ दे.