ओ देणारं पान

आज पाऊस थांबलाय, पण उघाड पडलेली नाही. पहाटेपासून धुई अशी उतरलीय की अंगणापलीकडचा फणस दिसत नाही, नुसतं त्याच्या पानांवरून गळणारं पाणी ऐकू येतं. घरात ओल आहे. भिंतीला हात लावला तर हात भिजेल. मला हात नाहीत, पण माझी पाठ भिंतीला टेकलेली आहे, म्हणून मला ठाऊक.

मी लॅपटॉप बोलतोय. येसाजी उतेकरांच्या घरात, फळीवर, पिठाचा डबा आणि देवाची तसबीर यांच्या मधे मला ठेवलंय. गाव कातळकोंड. पोलादपूरहून महाबळेश्वरचा घाट चढायला लागलं की एक कच्चा फाटा आत जातो, तो संपतो तिथं. घरं उतारावर विखुरलेली. एका घरातून दुसऱ्या घरात जायचं तर मधे दोन बांध आणि एक वहाळ, पावसात भरून वाहणारा ओढा. बहुतेक घरांना कुलपं, माणसं मुंबईला.

एक आधीच सांगून टाकतो. मी शिकलेला नाही. लोकांना वाटतं आमच्या जातीचे सगळे हुशार. पण पोस्टमनच्या पिशवीला कुठं पत्र वाचता येतं? पोरांनी माझ्या पोटात जे जे लिहिलं ते मी सांभाळलं, एवढंच. मला कळतात ती माणसं. समोर बसलेला बोटं कशी आपटतो, कुठं थांबतो, थांबून कुणाकडे बघतो, यातून जे कळलं तेवढी माझी शाळा.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पहिली आठवण दोह्याची. अझीम तिथं ट्रेलर चालवायचा. त्यानं मला दोन लुंग्यांत गुंडाळलं, वर खजुराचं खोकं ठेवलं आणि महाडला आणलं, त्याच्या मुलासाठी, उझैरसाठी. घरात आलो त्या दिवशी उझैरच्या आईनं, नुरजहाँनं, मला पुसलं आणि माझ्यावर क्रोशाचा रुमाल घातला. टीव्हीवर होता तसाच. वापरायच्या वस्तूला आधी झाकून ठेवायचं, ही माणसांची मला फार आवडलेली सवय. त्यात माया असते.

उझैर कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. त्याच्या वर्गातला हृतिक रोज घरी यायचा. हृतिक या कातळकोंडचा. आईबाप मुंबईला, तो शिकायला महाडात खोली करून, आणि गावात त्याचा आजा एकटा. हृतिक टाइप करताना मधेच थांबायचा आणि खिडकीबाहेर पोलादपूरच्या दिशेला बघायचा. तेव्हाच मला कळलं होतं याचा जीव कुठं अडकलाय.

शेवटच्या वर्षाला दोघांना एक प्रोजेक्ट करायचा होता. काय करायचं यावर बोलणं चाललं असताना हृतिकनं गावची एक रीत सांगितली.

"आमच्याकडं सकाळी साद घालतात. वरच्या घरातली रंगूबाई माझ्या आजाला हाक मारते, 'भावजी ओऽ'. आजा ओ देतो. मग आजा खालच्या घराला हाक मारतो. ओ आली नाय तर हाक मारणारा चूल सोडून आधी तिकडं जातो."

"आणि हे तुझ्या पप्पांना मुंबईत कसं कळतं?" उझैरनं विचारलं.

"नाय कळत. तेच तर."

उझैर गादीवर उठून बसला. "मग हेच करू. म्हाताऱ्यानं सकाळी फोनवर एक बटण दाबायचं. मुंबईत पोराला हिरवा दिवा दिसेल. दाबलं नाही तर लाल. नाव पण 'ओ'च ठेवू."

हृतिकनं मला स्वतःकडे ओढलं आणि माझ्यावर मोठ्या अक्षरांत तेवढंच लिहिलं. ते एक अक्षर मला आजही ओळखता येतं.

असं पान उभं करायला आधी सांगाडा निवडावा लागतो. घर बांधताना कुणी साग तासून वासे घालतो, कुणी तयार पत्र्याची शेड आणतो, तसं काहीसं. पोरं त्याला फ्रेमवर्क म्हणायची. आणि सांगाडे तरी किती. रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर, जँगो, लारावेल. एका व्हिडिओत एकाचं कौतुक ऐकायचं, दुसऱ्यात त्यालाच नावं ठेवलेली. मग जेवढं उभं केलं तेवढं मोडायचं आणि दुसरं मांडायचं. माझ्या पोटात अर्ध्या भिंतींची घरं साचत गेली. चहा गार व्हायचा. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

नुरजहाँ कप उचलायला आली की म्हणायची, "माझ्या नणंदेसाठी एवढी स्थळं बघितली नव्हती आम्ही. आणि शेवटी पहिलं आलेलं तेच पत्करलं."

"चाची, तुमची नणंद सुखात हाय ना?" हृतिक विचारायचा.

"ती आहे. नवऱ्याचं माहीत नाही."

हसायची सगळी. मीही तापायचो थोडा, माझं हसणं तेवढंच.

शेवटी दोन उरले. त्यातले कुठले ते माझ्या ध्यानात नाही, मी एकाला जुना म्हणतो, एकाला नवा. जुन्याची चाल अशी की प्रत्येक वेळी पान लांबच्या मोठ्या यंत्राकडून मागवायचं. नेट असलं तर येणार, नसलं तर कोरं. नव्यात पान फोनातच मुक्कामाला राहणार. बटण दाबलं की लगेच हिरवं होणार, निरोप मग नेट येईल तेव्हा पुढं जाणार. तशी सोय उझैरनं मुद्दाम घातली होती.

"जुनाच घेऊ," हृतिक म्हणाला. "साधा हाय. आणि नेट नसलं तर नाय म्हणून सांगतो."

"कोरं पान बघून माणूस घाबरेल यार."

"घाबरू दे ना. घाबरला तर गावात फोन करेल."

"अरे, पुण्याच्या मुलाखतीत नवाच विचारतात. घरात अब्बांनी अजून किती वर्षं ट्रेलर चालवायचा?"

दोघांच्याही मागं एकेक म्हातारा होत चाललेला माणूस उभा होता. कुणाचं खोटं नव्हतं.

मग हृतिकच म्हणाला, "आजाला विचारू. वापरायचं त्यानं हाय."

एका रविवारी मोटरसायकलवर, पिशवीतून, मी पहिल्यांदा कातळकोंडला आलो. हृतिकचा आजा, येसाजी, पडवीत बसून टोपलीचा तुटलेला काठ विणत होता. त्यानं आधी उझैरला विचारलं, "अझीमचा काय तू? तुझ्या आज्याच्या टेम्पोतून आमचं आंबं जायचं." मग जेवायला घातलं, नाचणीची भाकरी आणि सुकट. आणि जेवण झाल्यावर फोन हातात घेतला.

अंगणातल्या फणसाखाली नेटची एखादी काडी यायची, जायची. येसाजीनं जुन्याचं बटण दाबलं. पानावर चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. म्हातारा फोन हातात धरून उभा.

"ह्यो काय करतो?"

"वाट बघतोय आजा. पलीकडून येऊ दे."

"कोनी ओ देत नाय मंग." त्यानं फोन परत दिला.

नव्याचं बटण दाबलं. बोट उचलायच्या आत पान हिरवं झालं आणि मधे अक्षर आलं, 'हाय'. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. वर रंगूबाईच्या घराकडे तोंड करून त्यानं हाक दिली, "रंगू गोऽ, मुंबईनं ओ दिली बघ."

"कवा?"

"आत्ताच. तुझ्यापरीस लवकर."

"मंग तिलाच सांग चुलीवरचं दूध उतरवाया," वरून उत्तर आलं.

त्याच दिवशी ठरलं. सांगाडा येसाजीनं निवडला. या डोंगरात ओ आली म्हणजे पलीकडच्यानं ऐकलं, दुसरा अर्थ कुणाला माहीतच नाही. ऐकल्याशिवाय ओ देणारी वस्तू त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती. पोरांना ती रोजची, म्हणून त्यांच्या ध्यानात आलं नाही. आणि तो दिवा मुंबईला पोचलाच नव्हता, नेटची काडी तेव्हा गेलेली होती, हे मला ठाऊक असून मी काय सांगणार?

निवडण्यात इतका काळ गेला होता की पुढचं सगळं धावपळीत झालं. हिरवा दिवा झाला. बटण दाबलं नाही तर लाल व्हायचं, ते राहिलं. परीक्षा झाली की करू, उझैर म्हणाला. आलेला हिरवा दिवा दुसरा निरोप येईपर्यंत तसाच राहायचा, खाली बारीक राखाडी अक्षरांत तारीख. कॉलेजात बाहेरून आलेल्या सरांनी पाठ थोपटली. उझैरला पुण्यात नोकरी लागली. नुरजहाँनं गल्लीत शेवया वाटल्या. हृतिकला महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमधे काम मिळालं.

गावात सगळ्या म्हाताऱ्यांच्या फोनात ते पान बसवलं होतं. मुंबईची पोरं खूश. सकाळी कामाला जाता जाता हिरवं बघायचं आणि फोन खिशात टाकायचा.

पुढचं मी पाहिलेलं नाही. रंगूबाईच्या तोंडून ऐकलं, याच घरात, माणसं जमली होती तेव्हा.

ती सांगत होती, पावसाळ्यात एक दिवस भावजीच म्हणाले, आता कशापायी घसा फाडतेस गो, फोनात दिसतो की मी. ती म्हणाली, मला सवय हाय. पण तिचा खोकला वाढला होता, धुईत आवाज पोचेना. मग तीही बघायला लागली. सकाळी फोन उघडायचा, येसाजीच्या नावापुढं हिरवं, 'हाय'. झालं.

श्रावणात झडीमागून झडी आल्या, मधे एखादी उघडीप. टॉवर बंद पडला, नवा निरोप कुठूनच जाईना. ती रोज बघत होती, हिरवंच होतं. मुंबईत हृतिकचा बाप बघत होता, हिरवंच होतं. महाडात हृतिक दुहेरी पाळी करत होता, त्यानंही बघितलं होतं. एका सकाळी पावसाचा जोर ओसरला तेव्हा येसाजीच्या खुराड्यातल्या कोंबड्यांचा कालवा तिच्या कानावर आला. दिवस वर आला तरी कुणी सोडल्या नव्हत्या. ती इरलं घेऊन उतरली. येसाजी मागल्या दारी लाकडांच्या ढिगाजवळ पडला होता. पाय घसरला असावा. अंग थंड होतं, आणि पाठीखालची जमीन कोरडी. म्हणजे आदल्या दिवशीची झड सुरू व्हायच्या आधीपासून तो तिथंच होता.

"हाक मारल्येली आसंल त्यानं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून बसली.

तेराव्याच्या दिवशी उझैर पुण्याहून आला. वाटेत महाडच्या घरून मला पिशवीत घालून आणलं होतं. त्याला कंपनीनं नवीन यंत्र दिलं होतं, मी घरी रुमालाखालीच होतो. तो पडवीत हृतिकजवळ बसला, मला दोघांच्या मधे ठेवलं.

"सगळं यात आहे. तुझ्या हातानं काढून टाक."

हृतिकनं मला उघडलं नाही.

"मीच नव्याचा हट्ट धरला," उझैर म्हणाला.

"आजानं निवडला रे तो."

"आपण त्याला विचारलं कुठला आवडला. कुठला खरं बोलतो ते आपण सांगायचं होतं."

हृतिकनं बराच वेळ माझ्या झाकणावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "राहू दे इथं." आणि मला फळीवर ठेवलं. उझैर जाताना रंगूबाईच्या पाया पडला. तिनं त्याला उठवलं आणि पिशवीत वेलावरचं चिबूड घातलं. बोलली काहीच नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर पोराला घाट उतरायला सोपं गेलं असतं, असं मला वाटलं.

तेव्हापासून मी इथं. हृतिकनं महाडची खोली सोडली, आता गावातून जाऊन-येऊन काम करतो. ते पान त्यानं सगळ्यांच्या फोनांतून काढलं. सकाळी पुन्हा साद सुरू झालीय. वरून रंगूबाई हाक मारते, "हृतिक ओऽ". तो दात घासता घासता ओ देतो, मग खालच्या घराला हाक मारतो. मला मात्र कुणी उघडत नाही. माझी बॅटरी कधीच मेली. अक्षरांच्या फटीत मुंग्यांनी अंडी घातलीत. पोटात ती अर्ध्या भिंतींची घरं तशीच आहेत, आणि ते एक पुरं झालेलंही.

मला कुणाला शिकवायचं नाही, तेवढी माझी अक्कल नाही. जुना घ्या, नवा घ्या, जो परवडेल तो घ्या. मागणं एवढंच की तुमच्या यंत्रानं कुणाला ओ दिली, तर आधी बघा, पलीकडं माणसानं ऐकलंय ना.

काल हृतिकची रात्रपाळी होती. घाटात दरड आली म्हणे, रस्ता बंद, तो अजून आलेला नाही. मघाशी धुईतून रंगूबाईची हाक आली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घरात मी एकटा. मग काठीचा आवाज, वहाळातली पावलं, बांधावर थांबलेला खोकला. ती दारातून आत आली. चूल बघितली, मागल्या दारी जाऊन आली, लाकडांपाशी जरा उभी राहिली. खुंटीवर हृतिकचा कामाचा शर्ट नाही हे पाहिल्यावर तिचा श्वास खाली बसला. पोर वाटेत आहे, एवढं तिला पटलं.

मग ती फळीपाशी आली. पदरानं माझ्यावरची बुरशी पुसली. मला ओळखलं तिनं. ओला हात माझ्या झाकणावर ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिली, आणि बाहेर अजून कोणी ऐकेल की काय अशा हळू आवाजात म्हणाली,

"तू ऱ्हायलास व्हय रे घरात? मी हाक मारली, तर उगाच ओ दिली नाहीस, ह्ये बरा केलास."