अर्ध्या गोळीचं पुण्य

माझा थोरला भाऊ हाजी वगदी इजिप्तमधल्या आमच्या मन्सूरा शहरात दानशूर म्हणून ओळखला जातो. ओळख खोटी नाही. फक्त तो जे देतो ते त्याचं नसतं.

धाकट्या रिफअतच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना रक्त तपासायला बोलावलं. नेमकी त्याच सकाळी वगदीला चक्कर आली, आणि चक्कर आलेला हा माणूस दोन तासांच्या बसने तांटाला जावयाकडे विश्रांतीला गेला. माझं रक्त जुळलं, मी किडनी दिली. ऑपरेशननंतर इस्पितळाच्या दारात खजूर वाटायला मात्र वगदी हजर होता. लोक त्याचेच हात हातात घेत होते.

पुढे आठव्या महिन्यात रिफअतला ताप आणि जुलाब सुरू झाले. सीएमव्ही नावाचा विषाणू निघाला. हा बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरून निजलेला असतो. माझ्या होता, रिफअतच्या नव्हता. माझ्या किडनीबरोबर तो त्याच्याकडे गेला, आणि अंगाने ती किडनी नाकारू नये म्हणून रिफअतची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली, त्यामुळे विषाणूला मोकळं रान मिळालं. डॉक्टर म्हणाले, यात तुमचा काही दोष नाही. मला कळतं. तरी त्याचं सूप गाळताना माझा हात मध्येच थांबायचा.

इस्पितळाच्या औषधखिडकीवर डॉक्टर नेर्मीन बसते; इथे औषधं देणाऱ्यांनाही डॉक्टरच म्हणतात. तिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गुलाबी गोळ्या दिल्या आणि रिफअतला शाळकरी पोरासारखं समोर उभं केलं.

"जेवणावर घ्यायची, अख्खी गिळायची. तोडायची नाही, कुटायची नाही. आतली पूड कुणाच्या बोटाला लागता कामा नये, गरोदर बाईच्या तर मुळीच नाही. दर आठवड्याला रक्त तपासायला द्यायचं. पांढऱ्या पेशी खाली गेल्या किंवा किडनीचा आकडा हलला तर गोळ्या मी बदलीन, तू नाहीस."

"आणि बरं वाटलं तर?"

"तर बरं वाटू दे. गोळ्या चालूच. मध्येच सोडल्यास तर तो विषाणू परत उठेल आणि बहिणीने दिलेली किडनी घेऊन जाईल."

याहून सरळ सांगता येत नाही. पण सरळ बोलणं कळायला कान रिकामे लागतात, आणि वगदीच्या कानात कायम त्याचाच आवाज भरलेला.

अकराव्या दिवशी ताप उतरला. शुक्रवार होता. रिफअतने मुलूखियाची, आमच्या पालेभाजीच्या रश्श्याची, दुसरी वाटी मागितली. मी इतकी खूश झाले की शिवलेले कपडे गिऱ्हाइकांना द्यायला निर्धास्त बाहेर पडले. परत आले तर फळीवरचा डबा गायब.

"गोळ्या कुठायत रे?"

रिफअतने भिंतीकडे पाहिलं. थोरल्या भावाला तो मानाने 'आबेह' म्हणतो. "आबेह वगदी घेऊन गेला. म्हणाला, बरा झालास, आता देवाचे आभार मानायला नकोत का? उरलेलं औषध मशिदीच्या दवाखान्याला द्यावं."

"आणि तू दिलंस? दुपारची घेतलीस का तरी?"

"नाही. तो दारात उभा होता गं. तुला माहितेय तो कसा उभा राहतो."

माहितेय. चव्वेचाळीस वर्षांचा हा माणूस अख्ख्या गावाच्या पाट्या रंगवतो, पण थोरल्या भावासमोर त्याला 'नाही' हा शब्द उच्चारता येत नाही.

मशिदीच्या तळघरात गल्लीतली उरलीसुरली औषधं एका कपाटात ठेवतात आणि गरजूंना देतात. त्यालाच दवाखाना म्हणतात. चांगली पद्धत आहे. मी तडक तिथे गेले. वगदी खुर्चीवर जपमाळ ओढत बसला होता आणि समोर विआम, तिथे मदतीला येणारी सहा महिन्यांची पोटुशी पोर, ब्लेडने गुलाबी गोळ्यांचे दोन-दोन तुकडे करून कागदी पाकिटांत भरत होती.

"विआम, ब्लेड खाली ठेव. फुंकर मारू नकोस. ऊठ, साबणाने हात धू."

"काय झालं, खाला? हाजी म्हणाले, औषध जोरकस आहे, अर्धी पुरे. म्हणजे दुप्पट लोकांना मिळेल."

"कुठल्या लोकांना?"

"सर्दी-पडशाच्या," वगदी म्हणाला. "विषाणूचं औषध आहे ना? मग? सर्दीही विषाणूच. मी स्वतः अर्धी घेऊन बघितली. नाक मोकळं झालं."

"तुझं नाक इतरांच्या घरात खुपसून खुपसून मोकळंच झालेलं आहे."

"मशिदीत बसून थोरल्या भावाशी असं बोलतेस?"

"तळघर आहे हे. देव वर आहे."

विआम हात धुता धुता रडायला लागली. तिच्यावर माझा राग नव्हता. तिला जवळ घेऊन मी नेर्मीनला फोन लावला. ती ओरडली नाही, तेच जास्त भीतीदायक होतं. मुलीने नीट हात धुवावेत, आजच तिच्या डॉक्टरांच्या कानावर घालावं; बहुधा काही होणार नाही, पण त्यांना माहीत हवं. तुकडे हातमोजे घालून पिशवीत बंद करून तिच्याकडे आणावेत. पट्टीतल्या अखंड गोळ्या चालतील. दुपारची चुकलेली आत्ता जेवणाबरोबर द्यावी, रात्रीची थोडी उशिरा. दुप्पट कधीच नाही.

"आणि हाजींनी अर्धी खाल्लीय," मी म्हटलं.

"त्यांना म्हणावं, रक्त तपासून घ्या."

मी निरोप सांगितला आणि वगदीचा चेहरा खडूसारखा झाला. "रक्त? माझं? काही होणार नाही ना मला, इन्साफ?" जपमाळ हातातून सुटली. रिफअत कसा आहे, हे त्याने तेव्हाही विचारलं नाही.

अखंड सात गोळ्या सापडल्या. त्यावर रविवारपर्यंत निभावलं आणि नेर्मीनने कुठल्या कुठल्या सह्या आणून पुढचा डबा मिळवला. मंगळवारच्या रक्तात विषाणू कमी झाला होता, पण होता. ताप नाही, जुलाब नाहीत, माणूस वाटीवर वाटी मुलूखिया खातोय, आणि तो आत बसलेलाच. पांढऱ्या पेशीही उतरलेल्या. तीन दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं ठरलं. सलग दोन तपासण्या स्वच्छ आल्याशिवाय सुटका नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

पुढच्या शुक्रवारी वगदी आला. हातात काळ्या जिऱ्याच्या मधाची बरणी, आणि तीसुद्धा कुणीतरी त्याला भेट दिलेली.

"हे घे, रिफअत. ती रसायनं आता पुरे. मी एका मोठ्या माणसाला विचारलंय—"

त्याचा हात फळीकडे गेला. मी चहाचं भांडं खाली ठेवलं, पण रिफअत माझ्याआधी बोलला.

"आबेह, हात लावू नकोस."

"अरे, तुझ्या भल्यासाठी..."

"आतली किडनी इन्साफची आहे. तिचं भलं तिला विचारून कर."

शब्द एकही गळला नाही. वगदीने माझ्याकडे पाहिलं. मी आवरीन अशी त्याला आशा होती. मी रिफअतच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली. त्याने चार घास खाल्ले, भरपूर पाणी घेतलं, आणि वगदी दारात तसाच उभा असताना गोळी अख्खी गिळली.