एका सेकंदाचा ठपका

मी एक जुना भूकंपमापक आहे. भूकंपनोंदणी केंद्राच्या तळघरातल्या सिमेंटच्या चौथऱ्यावर बसून मी चाळीस वर्षे जमिनीची नाडी पाहत आलो आहे. माझ्या पोटात एक जड वजन टांगलेले आहे. जमीन हलली तरी ते ढिम्म राहते, आणि त्यामुळेच माझी लेखणी फिरत्या कागदावर थरथर उमटवते. मित्रांनो, दूरच्या भूकंपाची लाट पृथ्वीच्या पोटातून माझ्यापर्यंत किती वाजता पोचली, हे सांगणे माझे काम.

माझी देखभाल मावशींकडे होती. नात्याने त्या तिथे कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण केंद्राचे प्रमुख असलेले साहेबसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांशी माझे घड्याळ ताडून पाहायचे, मगच कागद बदलायचा, हा त्यांचा नेम. मुलीच्या लग्नाच्या सकाळीही त्या नवे कपडे सावरत तळघरात उतरल्या होत्या.

एका वर्षी साहेबांनी माझ्या सगळ्या वेळांची सरासरी काढली. गणिताप्रमाणे लाट यायला हवी, त्यापेक्षा माझी नोंद एक सेकंद उशिराची निघाली. घड्याळ पुढे धावते आणि मावशी दुर्लक्ष करतात, असे साहेबांनी ठरवून टाकले. मला भंगारात काढायचे ठरले आणि मावशींच्या नावावर कामचुकारपणाचा शेरा पडला! त्यांच्या निवृत्तीला तीनच महिने उरले होते. मावशी माझ्या शेजारी बसून रडल्या. मला इतका संताप आला, की लेखणी आपटावीशी वाटली.

माझे जुने कागद ताब्यात घ्यायला एक तरुण संशोधक बाई आल्या. साहेब त्यांना तो एक सेकंद समजावून सांगू लागले, तेव्हा मावशींना राहवले नाही.

“सरासरी नका बघू, बाई. पश्चिमेकडची लाट अगदी वेळेवर येते. पूर्वेकडचीच उशीर करते. घड्याळ चुकलं असतं, तर दोघींनाही उशीर झाला नसता का? मी हे तीनदा लिहून कळवलंय.”

संशोधक बाईंनी तिथेच फरशीवर बैठक मारली. आठ दिवस त्या वीस वर्षांचे कागद दिशेनुसार लावत होत्या. पश्चिमेच्या लाटा वेळेवर, पूर्वेच्या दोन सेकंद उशिरा! आसपासच्या केंद्रांचे कागद मागवले, तर पूर्वेच्या त्याच भागाखालून येणाऱ्या लाटा तिथेही रेंगाळलेल्या. म्हणजे तिकडे भूकवचाखाली, प्रावरणाच्या वरच्या थरात, खडक तापून मऊ झाला होता. पक्क्या रस्त्यावरून वाळूत शिरलात की तुमची चाल मंदावते ना, तसेच लाटेचे झाले होते. जिथे कुणाचा हात पोचणार नाही, तिथला खडक मावशींनी आणि मी शोधला होता! मला अभिमानाने भरून आले.

त्या खडकाचा नकाशा तयार झाला. मावशींवरचा शेरा साहेबांनी स्वतःच्या हाताने खोडला आणि नव्या माणसांना हे काम शिकवाल का, असे खाली मान घालून विचारले.

“शिकवीन की,” मावशी म्हणाल्या. “पण पहिले विद्यार्थी तुम्ही.”

मित्रांनो, मी अजून चालू आहे आणि साहेब बऱ्यापैकी शिकले आहेत. जुन्या यंत्राला वेळेवर तेल द्या, त्याच्यावरची धूळ पुसा. आणि त्याचे उत्तर तुमच्या गणिताशी जुळले नाही, तर त्याला भंगारात काढण्याआधी त्याच्याजवळ रोज बसणाऱ्या माणसाला एकदा विचारा.