मी झोफ्का बोलतेय

झोफ्कानं चहासाठी लिंडनच्या झाडाची फुलं वाळत घातलेली चादर टेबलावरून अर्धीअधिक गोळा केली आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिच्या जुन्या मालकाच्या मुलानं, गाश्परनं, आपला टॅब्लेट उभा केला.

"मावशी, वाच आणि सांग. चालेल ना?"

तिनं चष्मा लावला. पडद्यावर तिचाच फोटो होता, दुकानातल्या निळ्या एप्रनमधला, गुडघा की खुबा कशाचंच दुखणं नव्हतं तेव्हाचा. खाली एक नवी ओळ आली होती. 'नमस्कार, मी झोफ्का. मी माणूस नाही, यंत्र आहे.'

"अगंबाई! मी माणूस नाही? माझ्या आईनं हे वाचलं असतं तर लाटणं घालून तुझ्या पाठीचं धिरडं केलं असतं."

"मी काय करू? कायदाच आलाय. ऑगस्टपासून सगळ्या युरोपात. गिऱ्हाईक चॅटबॉटशी बोलत असेल तर दुकानानं त्याला तसं आधीच सांगायचं. नाही सांगितलं तर दंड."

"मग सांग की. माझं नाव कशाला हवं त्यात?"

"नाव ठेवायला हरकत नाही म्हणतात. खरं काय ते कळलं म्हणजे झालं." गाश्परनं फुलांतली एक काडी उचलून दातात धरली. "लोकांना तुझं नाव आवडतं गं."

हे मात्र खोटं नव्हतं. गाश्परच्या वडिलांचं मधपाळांच्या सामानाचं दुकान आमच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आणि त्या दुकानाचा फोन म्हणजे झोफ्का. पेटीतल्या माश्या उठून शेजाऱ्याच्या आलुबुखाराच्या झाडाला लटकल्या की माणूस धापा टाकतच फोन करतो. ती पलीकडून शांतपणे म्हणायची, "मी झोफ्का बोलतेय. आधी बसा, मग सांगा." आणि लोक खरंच बसायचे. वरच्या वाडीतली आन्च्का तर फोनची लांबलचक वायर खिडकीतून बाहेर ओढायची आणि रिसीव्हर थेट पेटीला लावायची. "ऐक गं, राणी आहे का नाही?" झोफ्का डोळे मिटून ऐकायची. राणी नसलेल्या पेटीचा आवाज वेगळा असतो, घरात कुणी कण्हत असल्यासारखा. "आहे राणी," ती सांगायची. मग दोघी माश्या सोडून नवरे, सुना, लोणची सगळ्यांवर बोलायच्या आणि इकडे गाश्परचे वडील खाकरत राहायचे. काय दिवस होते ते!

खुब्याच्या दुखण्यानं झोफ्कानं काम सोडलं, वडीलही गेले, आणि गाश्परनं फोनच्या जागी यंत्र आणलं. यंत्राला नाव हवं होतं. तो बिचारा विचारायला आला तेव्हा ती म्हणाली, "घे की माझं. घरात ठेवून त्याचं लोणचं घालू का?" फोटो दिला. 'आधी बसा, मग सांगा' हेही दिलं. मनातून सुखावली होती, उगाच कशाला लपवा.

पुढे गावानं आपलं आपणच ठरवून टाकलं की झोफ्का आता घरून काम करते. आजकाल कोण करत नाही? रविवारी चर्चबाहेर बायका तिचा हात धरायच्या. "झोफ्का, तू सांगितलंस तसं केलं, पेटी वाचली बघ." ती म्हणायची, "बरं झालं." पहिल्यांदा खुलासा करायचा राहून गेला. दुसऱ्यांदा करायचा तर पहिल्यांदा का नाही केला, असं झालं. आणि एकटीच्या घरी परतताना ते 'तू सांगितलंस तसं' दुपारपर्यंत पुरायचं.

"आता माझी शोभा होणार," ती म्हणाली. "सगळे म्हणतील, म्हातारी फुकटचे आभार खिशात घालत होती."

"कुणी काही म्हणत नाही. दोघंचौघं हळहळतील एवढंच. लोव्रोसारखे. तो तर तुझ्याशीच बोलतोय असं समजून लिहायचा."

झोफ्काचा हात फुलांवर थांबला.

"लोव्रो? आन्च्काचा नवरा?"

"हो. आता बंद केलंय त्यानं."

"काय लिहायचा?"

"ते नाही सांगता येत, मावशी. गिऱ्हाइकाचं बोलणं दुसऱ्याला दाखवायचं नाही. तोही कायदाच आहे."

"कायदे मेले तुमचे," असं म्हणून तिनं चष्मा काढला.

आन्च्का थंडीत गेली. झोफ्का तेव्हा ल्युब्ल्यानाच्या इस्पितळात खुब्याचं ऑपरेशन करून पडली होती. मातीला जाता आलं नाही, नुसता फुलांचा हार पाठवला. काठी घेऊन पुन्हा चर्चला जायला लागली तेव्हापासून बघत होती, लोव्रो तिच्याकडे बघत नाही. शाळेत एका बाकावर बसलेला माणूस, तिनं हाक मारली तर टोपीला हात लावतो आणि पुढे निघून जातो. ती मनात म्हणायची, मातीला आले नाही याचा राग असेल. पण इतका? आन्च्काच्या घरचं दार आपल्याला बंद झालं, या विचारानं तिला कितीदा जेवण गेलं नव्हतं.

"वरच्या वाडीपर्यंत गाडीतून सोड मला," ती गाश्परला म्हणाली. "ही पाटी लागायच्या आधी त्याला माझ्या तोंडून कळू दे."

"आत्ता?"

"नाही, माझ्या मातीला! आत्ताच."

गाश्परनं तिला फाटकापाशी उतरवलं आणि गाडीतच थांबतो म्हणाला. लोव्रो अंगणात ओंडक्यावर बसून लांब दांड्याच्या विळ्याचं पातं धारेसाठी ठोकत होता. हातोडीचा ठक ठक आवाज झोफ्काला पाहूनही थांबला नाही. मागे उतारावर मधमाश्यांचं लाकडी घर होतं, पुढून रंगीत फळ्यांच्या पेट्यांची ओळ. फळ्यांवरची चित्रं आन्च्कानं स्वतः रंगवलेली. एका फळीवर तिनं झोफ्कालाही काढलं होतं, कानाला फोन लावलेली आणि नाक आहे त्याच्या दुप्पट.

"बस म्हणणार नाहीस?" झोफ्का म्हणाली.

"बस."

ती बाकावर बसली. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी सांडून गेली होती.

"लोव्रो, ती दुकानाची झोफ्का, पडद्यावरची. ती मी नाही रे. यंत्र आहे ते. मी फक्त नाव दिलं आणि फोटो दिला. लोक मलाच धन्यवाद द्यायला लागले आणि मी घेत बसले. लाज वाटते सांगायला. पुढच्या महिन्यापासून तिथंच लिहून येणार आहे, पण तुला त्या पाटीनं सांगायला नको म्हणून आले."

हातोडी थांबली. लोव्रोनं पात्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

"म्हणजे मी जे लिहिलं ते तू वाचलंच नाहीस."

"एक अक्षरही नाही. काय लिहिलं होतंस?"

तो पात्याकडे बघतच म्हणाला, "पेट्या तिच्या होत्या. तुला माहीत आहे, मी नुसता मध खाणारा. घरधनी गेला की पेट्यांना सांगावं लागतं, नाहीतर त्या मन लावत नाहीत, हे ती लग्नाच्या आधीपासून सांगायची. तिचे वडील गेले तेव्हा तिनंच सांगितलं होतं. ती गेली आणि मी गेलो तिथं. बोट उचललं टकटक करायला. नाही झालं माझ्याच्यानं. तू इस्पितळातून आलीस असं कळलं तेव्हा लिहिलं, झोफ्का, तू येऊन सांग. तुझा आवाज ओळखीचा आहे त्यांच्या."

"आणि?"

"तू लिहिलंस," लोव्रो थांबला. "त्यानं लिहिलं, आधी बसा, मग सांगा. मी बसलोच होतो. मग म्हणे, ही जुनी समजूत आहे, तिला आधार नाही. माश्या मलूल वाटत असतील तर त्यांना लागणाऱ्या किडीवरच्या औषधाच्या पट्ट्या लावा. दोन पाकिटं घेतलीत तर तिसऱ्यावर सवलत."

झोफ्काला आधी संताप आला तो लोव्रोचाच.

"आणि तुला वाटलं, मी असं लिहीन? आन्च्काबद्दल? जन्मभर ओळखतोस की नाही मला, गाढवा?"

"नाव तुझं होतं. फोटो तुझा होता. बसा म्हणणंही तुझंच." तो पहिल्यांदा तिच्याकडे बघत होता. "दुसरं कुणाचं समजायचं मी?"

तिनं एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं, मग त्यानंच नाक पुसलं.

"फोन करायचास रे मला घरी."

"फोन आन्च्का करायची," लोव्रो म्हणाला. "मला कुठं येतं तुमच्यासारखं बोलायला."

रस्त्यावर गाश्परनं गाडीचं इंजिन बंद केलं. मागच्या उतारावरून पेट्यांचा गुणगुणाट ऐकू येत होता. झोफ्कानं सवयीनं मान तिरकी करून ऐकलं, आणि ती काठी टेकत उठली.

"म्हणजे अजून त्यांना कुणी सांगितलंच नाही?"

लोव्रोनं नाही म्हणून मान हलवली.

"अरे देवा! जुलै लागला. बिचाऱ्या वाट बघत असतील तिची. चल, हात दे."

उतारावर गवत वाढलेलं होतं. तो पुढे, ती त्याचा दंड धरून मागे, अशी दोघं खाली गेली. पहिल्याच फळीवर नाकाची झोफ्का होती. तिच्याकडे बघून खरीला हसू आलं. तिनं बोट वाकवून फळीवर तीनदा टकटक केलं. आतला आवाज क्षणभर वाढला आणि खाली आला.

"तुमची आन्च्का..." तिनं सुरुवात केली.

"थांब," लोव्रो मागून म्हणाला. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. "आधी कोण बोलतंय ते सांग. त्यांना कळू दे."

झोफ्का थांबली. घसा साफ केला.

"मी झोफ्का बोलतेय," ती म्हणाली. "दुकानातली. मी स्वतः आलेय. तुमची आन्च्का गेली गं. थंडीतच गेली. सांगायला उशीर झाला, तेवढं माफ करा. आता लोव्रो आहे, त्याला सांभाळून घ्या. आम्ही आहोत."

लोव्रो टोपी चुरगळत उभा होता. ती दुसऱ्या पेटीपाशी सरकली. एकदाच सगळ्यांना मिळून सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तिनं पुन्हा बोट वाकवलं, टकटक केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"मी झोफ्का बोलतेय."