मुदत १४४३ पर्यंत

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. पण माझ्या दाराशी टपालवाला कधी आला नाही, कारण मला दारच नाही. संगणकाच्या पडद्यावर वरच्या पट्टीत तुम्ही काही अक्षरे लिहिता आणि मग एखादे संकेतस्थळ उघडते. त्या अक्षरांपैकी मी एक. तेरा अक्षरे आणि एक टिंब, एवढाच माझा देह. अरबीत थेंबाला 'कत्रा' म्हणतात. तो शब्द आणि त्यापुढे तारूत या अरबी बेटाचे नाव, असा मी घडलो.

माझ्यासारखे पत्ते विकत मिळतात असा समज आहे. तो बरोबर नाही. आम्ही केवळ नोंदवले जातो. दूरदेशीची एखादी कंपनी आपल्या दप्तरात लिहून ठेवते की हे नाव अमक्या व्यक्तीचे, आणि तिच्याशी अमक्या ठिकाणी संपर्क साधावा. ती ओळ खरी असेल तोवर आम्ही जिवंत. आमच्या आयुष्याला याहून मोठा आधार नसतो, आणि तो पुरतो असे मी बरीच वर्षे मानत होतो.

माझा जन्म हिजरी १४२७ चा. तारूतजवळच्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत बद्रिया नावाच्या तंत्रज्ञ बाई काम करीत. त्यांच्या मुलाचे नाव जवाद, म्हणून बेटावर त्यांना 'उम्म जवाद' म्हणतात. या किनाऱ्यावर सिकलसेलचा आजार घरोघरी ओळखीचा आहे. रक्तगट जुळला की काम झाले असे पुष्कळांना वाटते, तसे नसते. रक्तपेशींच्या पृष्ठभागावर आणखी बारीक खुणा असतात. ज्याला पुन्हा पुन्हा रक्त चढवावे लागते, त्याचे शरीर कधीकधी परक्या खुणा ओळखू लागते आणि त्या पेशी फोडून टाकते. अशा रुग्णासाठी त्या खुणाही जुळणारा दाता शोधावा लागतो. उम्म जवाद यांनी बारा वर्षांत चारशे अकरा दात्यांच्या खुणा तपासून नोंदवल्या. ती यादी त्यांनी माझ्या नावाखाली ठेवली. डॉक्टर निरोप पाठवीत, त्या यादी उघडीत, दात्याला फोन जाई, दाता येई.

पुढे माझे कौतुक होऊ लागले. मुहर्रमच्या सभांमध्ये माझे नाव घेतले जाई. राजधानीतून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांनी "किती सुंदर संकेतस्थळ!" असे उद्गार काढले. स्तुती माझी झाली, काम बाईंचे होते. मी हे तेव्हाही जाणत होतो. पण पत्त्याला खुलासा करता येत नाही.

यादी एका भाड्याच्या संगणकात कुलपात होती. ती उघडायची तर दर वेळी सहा आकड्यांची किल्ली ईमेलने येई, आणि तो ईमेल माझ्याच नावाने संपणारा होता. लोकांच्या रक्ताची माहिती उघड्यावर ठेवू नये, हा उम्म जवाद यांचा आग्रह रास्तच होता. मात्र या रचनेत एक दोष राहिला, आणि तो पुढे त्यांनी स्वतः कबूल केला : मी बंद पडलो की किल्लीही येणे बंद.

आणि मी बंद पडलो. १४३९ च्या रज्जब महिन्यात उम्म जवाद निवृत्त झाल्या. रुग्णालयाने निरोप समारंभात त्यांना घड्याळ दिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा कार्यालयीन ईमेल बंद केला. कंपनीच्या दप्तरात माझ्या मालकाचा संपर्क म्हणून नेमका तोच ईमेल होता. जिल्हज या हिजरी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात कंपनीने विचारले : आपला संपर्क अजून बरोबर आहे का? पंधरा दिवसांत कळवावे. संपर्क बरोबर आहे का हे विचारणारे पत्र त्याच संपर्कावर पाठवले होते. तो चुकीचा असल्याने पत्र पोहोचले नाही. पत्र न पोहोचल्याने उत्तर गेले नाही. आणि उत्तर न गेल्याने संपर्क चुकीचा ठरला. तर्काच्या दृष्टीने यात खोट काढता येत नाही. सत्तावीस जिल्हजच्या सकाळी माझ्यामागून काहीही उघडेनासे झाले.

त्याच सकाळी रुग्णालयातून उम्म जवाद यांना फोन आला होता. रबाब नावाच्या सव्वीस वर्षांच्या शिक्षिकेच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया चौदा मुहर्रमला ठरली होती. लहानपणापासून इतके रक्त चढलेले, की आता सहा खुणा जुळणारेच रक्त तिला चाले. तीन पिशव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागणार होती, आणि डॉक्टरांच्या मते ती ढकलणे सुरक्षित नव्हते. हातात सतरा दिवस होते.

उम्म जवाद यांचे थोरले भाऊ अबू सलमान यांच्या बैठकीत हा विषय निघाला. तिथे कोणताही प्रश्न एकाच पद्धतीने सोडवला जातो.

"त्या कंपनीत आपल्या ओळखीचं कोण आहे?" अबू सलमान यांनी विचारले.

"दादा, ती कंपनी समुद्रापलीकडे आहे. तिथे आपलं कोण असणार?"

"असं कसं? जगात असं एक ऑफिस दाखव, जिथे तारूतचा माणूस नाही! आपला मुर्तजा त्याच गावात दात काढायला शिकतोय ना?"

"दातांचं शिकतोय. त्याचा या कामाशी काय संबंध?"

"त्याने जाऊन सलाम करावा, चहा घ्यावा, काम सांगावं. माणूस समोर बसला की नाही म्हणणं जड जातं."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी सांगू? नजर लागलीय. गेल्या मुहर्रमात सगळ्यांनी केवढं कौतुक केलं!"

"वहिनी, नजर लागायचीच तर ती आधी माझ्या गुडघ्यांना लागली असती. लोक त्यांचंही कौतुक करायचे."

बैठकीत हशा झाला. पण मुर्तजाला पाठवायचे ठरलेच. ही चूक इथलीच माणसे करू शकतात, आणि ती मोठ्या मायेने करतात. मुर्तजा एक दिवसाची रजा काढून, खजुराचा डबा घेऊन कंपनीच्या पत्त्यावर गेला. तिथे एका वकिलाच्या कचेरीबाहेर भिंतीवर दोनशे पितळी पाट्या होत्या. त्यांतली एक कंपनीची. माणूस कुणीच नव्हता. खजूर त्याने पहारेकऱ्याला दिले.

"आत्या, तो पहारेकरी फार चांगला आहे," त्याने फोनवर सांगितले. "पण कंपनीचं तोंड त्यानेही कधी पाहिलेलं नाही."

दोन दिवस गेले. आता उम्म जवाद यांनी स्वतःची पद्धत काढली. प्रयोगशाळेत तीस वर्षे त्या जे करीत आल्या तेच : काय घडले ते क्रमाने लिहायचे, प्रत्येक विधानाला पुरावा जोडायचा, विशेषणे गाळायची. त्यांनी कंपनीला कळवले : या पत्त्याची मालकीण मी आहे, माझा ईमेल बदलला आहे, कृपया नोंद दुरुस्त करावी. मदत कक्षातल्या ब्रेंडन नावाच्या माणसाने ओळखपत्र मागितले. त्यांनी ते पाठवले. सात तासांनी उत्तर आले :

"आपल्या ओळखपत्राची मुदत १४४३ साली संपलेली आहे. कृपया मुदत न संपलेले ओळखपत्र पाठवावे."

मित्रांनो, त्या ओळखपत्रावरच्या तारखा हिजरी होत्या. ब्रेंडनच्या भिंतीवर २०१८ साल होते, उम्म जवाद यांच्या भिंतीवर १४३९ संपत आले होते. त्यांच्या कार्डाची मुदत संपायला अजून तीन वर्षांहून जास्त अवकाश होता. ब्रेंडनच्या हिशेबी ती पाचशे पंच्याहत्तर वर्षांपूर्वी संपली होती. त्यांनी खुलासा पाठवला. ब्रेंडनने खुलाशाबद्दल आभार मानले आणि मुदत न संपलेले ओळखपत्र मागितले. त्यांनी दोन्ही पंचांगांचा तक्ता पाठवला. तक्ता स्वीकारार्ह कागदपत्रांच्या यादीत नव्हता. पासपोर्ट त्यांनी कधी काढला नव्हता. अशा पत्त्यांच्या व्यवहारावर देखरेख ठेवणारी एक वरची संस्था असते. तिच्याकडेही त्यांनी तक्रार नोंदवली. पोच तत्काळ मिळाली. उत्तर मिळाले ते चार महिन्यांनी, प्रकरण मिटलेले दिसते म्हणून बंद करीत असल्याचे.

मुहर्रम उजाडला. बेटावर शोकाचे काळे झेंडे लागले, हरीसची, म्हणजे गहू-मांसाच्या खिचडीची, मोठी पातेली चुलीवर चढली. मुहर्रमच्या नवमी-दशमीला तिथे रक्तदानाचा तंबू उभारतात. दाते आपण होऊन येतात, पण कोणाचे रक्त जुळते ते आधी माहीत हवे. यादी उघडली नाही तर शेकडो माणसांमधून जुळणारे तिघे शोधायला वेळच उरणार नव्हता.

चार मुहर्रमला रबाब स्वतः उम्म जवाद यांच्या घरी आली. डोळे पिवळे, चालताना भिंतीचा आधार.

"खाला, एक विचारू? तुम्ही त्यांच्यावर ओरडत का नाही? मी असते तर ओरडले असते."

"ओरडून माझा आवाज बसेल. त्यांना काय फरक पडणार? त्यांच्याकडे आवाजच पोहोचत नाही."

"मग काय पोहोचतं?"

उम्म जवाद यांनी आपले ओळखपत्र पुढे ओढले. "वजाबाकी पोहोचेल कदाचित."

आणि त्यांनी ते पत्र लिहिले. माझ्या नावाने बारा वर्षांत हजारो पत्रे गेली. हे माझ्यावाचून गेले, याची मला खंत आहे, कारण त्याच्यासारखे दुसरे मी पाहिलेले नाही. ते असे होते :

"महोदय, याच कार्डावर माझे जन्मसाल १३८२ असे दिले आहे. आपण मुदतीचा आकडा ज्या पद्धतीने वाचला, त्याच पद्धतीने जन्माचा वाचावा. म्हणजे कार्डाची मुदत संपली तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, आणि हे पत्र मी वयाच्या सहाशे छत्तिसाव्या वर्षी लिहीत आहे. यावरून दोनच निष्कर्ष निघतात : एक तर माझे वय सहाशे छत्तीस आहे, अथवा वाचण्याची पद्धत चुकीची आहे. यांपैकी जे पडताळणे आपणांस सोपे वाटेल ते पडताळावे. एका तरुण स्त्रीची शस्त्रक्रिया दहा दिवसांवर आहे आणि तिला लागणाऱ्या रक्ताची यादी या पत्त्याशिवाय उघडत नाही. आपण चुकलात असे मला सिद्ध करायचे नाही. मला यादी उघडायची आहे."

हे पत्र ब्रेंडनने वरिष्ठांकडे पाठवले. का, ते मला माहीत नाही. कदाचित वय पडताळण्याची सोय त्याच्या यादीत नसावी. त्याला मी दोष देत नाही. त्याला यादीबाहेर जाण्याची मुभा नव्हती, आणि तरीही पत्र त्याने कचऱ्यात टाकले नाही. वरिष्ठ बाईंचे नाव ग्रेटा. त्यांचा फोन सहा मुहर्रमला दुपारी आला.

"मी वजाबाकी केली," त्या म्हणाल्या. "आधी हसले. मग पत्राचा शेवट वाचला. चूक आमची आहे. नवा ईमेल सांगा, मी फोन धरूनच नोंद बदलते."

उम्म जवाद यांनी सांगितला, एकेक अक्षर. अकरा मिनिटांत मी पुन्हा उघडलो. डोळे उघडल्यावर काय वाटले, असे कुणी विचारले तर प्रामाणिक उत्तर हेच, की पत्त्याला डोळे नसतात. पण माझ्यामागे पहिली आली ती सहा आकड्यांची किल्ली, आणि तिच्यामागे यादी.

चारशे अकरांपैकी सहा दाते जुळत होते. दोघे परदेशात गेलेले, एकाचे हिमोग्लोबिन कमी. उरले तिघे : एक पाववाला, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक कोळी. नवमीला पहिले दोघे तंबूत आले. कोळी समुद्रावर होता. दशमीला दुपारी तो धक्क्यावरून थेट आला, अंगाला मासळीचा वास, पायात ओल्या चपला.

"आंघोळ तरी करून यायचं!" परिचारिकेने नाक दाबले.

"रक्त आतून स्वच्छ आहे, बाई. वरचं तुम्ही काढणार आहात का?"

चौदा मुहर्रमला शस्त्रक्रिया झाली. तीन पिशव्यांपैकी दोन लागल्या. रबाब सहाव्या दिवशी घरी गेली.

महिन्याभराने ती पुन्हा उम्म जवाद यांच्याकडे आली, या वेळी भिंतीला हात न लावता. उम्म जवाद यांनी कंपनीच्या दप्तरातली माझी ओळ उघडून ठेवली होती. यादीची छापील प्रत त्यांनी आधीच काढली होती आणि किल्ली दुसऱ्या वाटेनेही यावी अशी सोय केली होती. आता दुसरी संपर्क व्यक्ती म्हणून कुणाचे तरी नाव घालायचे होते.

"जवादचं घाला ना," रबाब म्हणाली.

"जवाद पत्रं वाचत नाही. आईचीही वाचत नाही. तू शिक्षिका आहेस, तुला शेवटपर्यंत वाचायची सवय आहे."

तेव्हापासून वर्षातून एकदा कंपनीचे पत्र येते : आपला संपर्क अजून बरोबर आहे का? दोन घरी ते येते, दोन बाया ते वाचतात, आणि त्याच दिवशी उत्तर जाते.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा पत्ता तुमच्या शाळेच्या, संस्थेच्या किंवा घरच्या दुकानाच्या नावावरही असेल. तो कुणी नोंदवला, संपर्क म्हणून काय लिहिले, तो संपर्क अजून उघडतो का, हे आज घरात विचारून पाहा. सहसा कुणालाच ठाऊक नसते. आम्ही आजारी पडत नाही, गंजत नाही, कुरकुरत नाही. म्हणून आमची आठवण कुणाला येत नाही. माझ्यामागे आज चारशे अडतीस माणसांचे रक्त नोंदलेले आहे. तुमच्या पत्त्यामागे कोण आहे, ते मोजायला फार वेळ लागणार नाही. तो बंद पडण्याआधी मोजा.