गळ्यात अडकलेला गोल

आजवर महरुख तेहरानच्या मैदानात फुटबॉल बघायला गेली ती खोटी दाढी चिकटवून, मुलगा होऊन. दाढी चेहरा लपवते, आवाज नाही; म्हणून गोल झाला की ती तोंडात मफलर कोंबायची आणि आनंद आतल्या आत गिळायची.

आज बायकांसाठी दार उघडलं होतं. उघड्या चेहऱ्यानं ती आईशेजारी बसली होती.

गोल झाला. साऱ्या बायका उसळल्या. महरुखनं मात्र सवयीनं मफलर तोंडात कोंबला.

"अगं, दाढी गेली, धाक नाही गेला?" आईनं मफलर खेचून काढला. "ओरड की, माझ्या सिंहिणी!"

महरुख अशी ओरडली, की पलीकडच्या पुरुषांच्या माना वळल्या.

"बघा, बघा," आई म्हणाली, "लेक आहे माझी!"