रसेलच्या पुस्तकाऐवजी

बाहेर अमेरिकेतल्या डुलुथची थंडी हाडं गोठवत होती, तरी विभागाच्या बैठकीत डेल्फीन कोसिकच्या तळहातांना घाम फुटला होता. ती कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायची, पण नेमणूक दर सत्राला नव्यानं. नेमणूक करणार विभागप्रमुख रसेल थोरवाल्डसन. आणि मुलांना सक्तीचं असलेलं ते महागडं, जाडजूड पुस्तकही रसेलनंच लिहिलेलं.

आदल्या आठवड्यात तिची हुशार विद्यार्थिनी मरीसोल वर्ग सोडून गेली होती. "पुस्तक परवडत नाही, मिस. लायब्ररीतली प्रत मोकळी होते तेव्हा माझी कामाची पाळी सुरू होते."

"आणखी कुणाला काही?" रसेलनं विचारलं.

डेल्फीननं शेजारी बसलेल्या वेंडेलकडे पाहिलं. तोही तोच विषय शिकवायचा. म्हातारा पाठिंबा देतो म्हणाला होता. तो कॉफीच्या कपात डोळे घालून बसला.

"मला पुढच्या सत्रात इंटरनेटवरचं मोफत पुस्तक लावायचंय," ती म्हणाली. "प्राध्यापकांनीच लिहून तपासलेलं आहे. तुम्हीही सगळ्यांनी चाळून बघा."

रसेल हसला. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"म्हणजे फुकट ते पौष्टिक! आणि माझ्या पुस्तकाचं काय, लोणचं घालू?"

"तुमचं पुस्तक चांगलंच आहे, रसेल. पण मी वर्गात हात वर करायला लावले. निम्म्या मुलांकडे ते नाहीच."

रसेलनं कागद गोळा केले. "लाव हवं ते. तुझा वर्ग, तुझी जबाबदारी." दाराशी मात्र तो हळूच म्हणाला, "नेमणुका अजून व्हायच्यात, ठाऊक आहे ना?"

त्यानंतर ती रोज दहादा ईमेल उघडून बघायची. अखेर नेमणूक आली. तीन वर्गांऐवजी एकच.

ती कॉलेजातल्या आपल्या खोलीत ते पुन्हा वाचत असताना वेंडेल आत आला आणि त्यानं आधी दार लावून घेतलं.

"त्या दिवशी माझी दातखीळ बसली, पोरी. मग मीही वर्गात विचारलं. माझ्याकडे तर तुझ्याहून वाईट हाल." तो खुर्ची ओढून बसला. "ते पुस्तक कसं लावायचं, दाखव. रसेलला एवढ्यात बोलू नकोस."

बाहेर पावलं वाजली. वेंडेलनं ओठांवर बोट ठेवलं. पावलं दारापाशी रेंगाळली, मग पुढे गेली.

डेल्फीननं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "हाडांचा धडा आधी बघा," ती कुजबुजली.